घराणं, वाडा आणि आमचं वतन

परवा लेक गाण्याच्या क्लासवरून आली आणि सँडल काढता काढताच विचारती झाली, "बाबा, घराणं चांगलं असतं का वाईट?" सहावीत आहे ती. त्या दिवशी बाईंनी ग्वाल्हेर घराण्याबद्दल सांगितलं होतं, हद्दू खाँ हस्सू खाँ ही नावं घेताना बाईंनी कानाची पाळी पकडली ते तिने मला करूनही दाखवलं, आणि इकडे घरात टीव्हीवर तिकीटवाटपाची चर्चा चालू, दर दोन मिनिटाला कुणीतरी कुणालातरी घराणेशाही घराणेशाही म्हणून सुनावतंय. तिला कळेना की बाई ज्या शब्दाला कान पकडतात त्याच शब्दाने ही माणसं भांडतायत कशी. मी तिला तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं, गाण्यातलं घराणं वेगळं आणि राजकारणातलं वेगळं, जा हातपाय धू. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही म्हणून आज बसून लिहितोय.

गाण्यातल्या घराण्याची सुरुवातही रक्तातूनच होते हे आधी मान्य करायला पाहिजे. बाप लेकाला, काका पुतण्याला शिकवायचा, खास चिजा घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. पण गाणं घरात कोंडून राहिलं नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, ते कुणा खाँसाहेबांचे पुत्र नव्हते, वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि जोशीबुवा त्या खाँसाहेबांच्या तालमीतले. जयपूर-अत्रौलीचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि त्यांच्या गायकीचं नाव पुढे कुणी गाजवलं तर गोव्याच्या केरीच्या केसरबाईंनी, कुर्डीच्या मोगूबाईंनी. म्हणजे तालमीला बसलास, घासलंस, गळ्यावर चढलं, की तू त्या घराण्याचा. मोगूबाईंची लेक किशोरीताई झाल्या, पण आईचं नाव लावून कुणाचा गंधार लागत नाही, तो रोज उठून लावावा लागतो आणि समोर बसलेल्याला लगेच ऐकू येतं लागला का नाही ते. लेकीला मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, ते तिला पटलं.

आता दुसरा शब्द. घराणेशाही. याच्यातली 'शाही' आमच्या नगरला चांगली ओळखीची आहे, मी नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, आमच्याकडे शाळेत इतिहास म्हणजे आधी निजामशाही. बहमनी राज्य फुटलं आणि पाच शाह्या झाल्या, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली आणि १६३६ ला ती संपली, सगळ्या राज्याला नाव त्या एका घराचं. मराठी माणसाच्या डोक्यात राज्य कुणाचं म्हणजे कुणाच्या घराचं हे इतकं पक्कं बसलं की नंतर जी नवी गोष्ट आली तिलाही आपण तेच शेपूट लावलं. हुकूमशाही, नोकरशाही, झुंडशाही, आणि लोकशाही सुद्धा. मला लोकशाही हा शब्द फार आवडतो. जिथे शहाचं नाव असायचं तिथे 'लोक' हा शब्द नेऊन बसवला, केवढी मोठी गोष्ट आहे ती. आणि घराणेशाही म्हणताना आपण त्याच खुर्चीवरून लोक उठवून परत घर बसवतो. ज्याने कुणी पहिल्यांदा हा शब्द वापरला त्याला त्याचा राग नेमका सांगता आला असं मला वाटतं.

पण एक सांगू का, आपल्या भाषेत ही गोष्ट फक्त घराणं आणि घराणेशाही एवढ्यावर संपतच नाही. आपली अर्धी आडनावं घ्या. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस. हे सगळे हुद्दे होते. गावचा कारभार पाटलाकडे, हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा कारभार देशमुखाकडे नि हिशेब देशपांड्याकडे. माणूस नोकरीला लागला, मग त्याचा मुलगा लागला, मग नातू, आणि तीनचार पिढ्यांनी कुणाच्या लक्षातच राहिलं नाही की ही नोकरी आहे, ते रक्तच झालं. पेशवा हे तर मंत्र्याचं पद. १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना मिळालं, १७२० ला विसाव्या वर्षात असलेल्या बाजीरावाला, १७४० ला नानासाहेबाला, १७६१ ला सोळा वर्षांच्या माधवरावाला, आणि १७७४ ला सवाई माधवरावाला वस्त्रं दिली तेव्हा ते बाळ चाळीस दिवसांचं होतं. बाजीराव आणि थोरल्या माधवरावांनी ते पद पेललं, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण चाळीस दिवसांच्या पाळण्यातल्या लेकराच्या नावाने राज्य चालतं तेव्हा पद म्हणजे काय हे सगळे विसरलेत असंच म्हणावं लागतं.

शिवाजी महाराजांना हे सगळं आधीच दिसलं होतं. सभासद बखरीत आहे, महाराजांनी अशा पिढीजात हुद्देवाल्यांचे, म्हणजे वतनदारांचे, कोट-हुडे म्हणजे तट-बुरूज पाडले, त्यांनी साधं घर बांधून राहावं असं केलं, आणि चाकरीला रोख पगार लावला. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांबद्दल जे लिहिलंय ते आजही वाचावं, त्यांचा मुद्दा असा की यांना वतनदार म्हणणं ही नुसती बोलण्याची रीत आहे, खरं तर हे छोटे छोटे स्वतंत्र राजेच आहेत. इतकं स्पष्ट ओळखलं होतं. आणि तरी १६८९ नंतर, संभाजी महाराज गेले, राजधानी पडली, राजाराम महाराज जिंजीला, मोगल अंगावर, तेव्हा सरदार टिकवायला वतनं आणि सरंजाम द्यावेच लागले. तो काळच तसा होता, दोष देऊन काय उपयोग. पण तेव्हा दिलेलं पुढे कुणाला परत घेता आलं नाही.

आता मला जे खरं लिहायचंय त्याच्याकडे येतो. वतन हा शब्द. हिंदीत वतन म्हणजे देश, गाण्यात येतो, ऐकून छाती फुगते. मूळ अरबी, माणूस जिथला असतो ती जागा. मराठीत येऊन त्याचा अर्थ झाला पिढीजात काम आणि त्याच्यासोबत येणारी जमीन नि मान. देशमुखाचं वतन, पाटलाचं वतन. आणि आमचं पण वतन होतं. आमच्या पणजोबांकडे येसकरपाळी असायची, म्हणजे वेशीवर उभं राहून गावाची कामं करायची पाळी. महारकीचं वतन.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, आजी आपल्याकडे पण वतन होतं तर मग आपण पण देशमुखांसारखेच का? आजी हसली नाही. ती निवडत होती काहीतरी, बहुतेक हरभरे, सूप खाली ठेवून म्हणाली, "त्यांचं वतन त्यांना वाड्यात बसवायचं, आपलं वतन आपल्याला वेशीत उभं करायचं."

आजी वाड्यावरच्या माणसांचं आडनाव कधी घ्यायची नाही. आख्ख्या आयुष्यात नाही. वाड्यावर, वाड्यावरनं, वाड्यावरचे. "वाड्यावरनं सांगावा आला" म्हटलं की पणजोबा ताटावरचे उठायचे म्हणे, सरकारी टपाल दुसऱ्या गावाला पोचवायचं, साऱ्याची रक्कम तालुक्याला जाताना सोबत चालायचं, कुणी मेलं तर त्याची खबर घेऊन पावसात दहा मैल, वाड्यावरची लाकडं फोडायची, अधिकारी आला तर त्याच्या घोड्याला चारा. हातात ती घुंगराची काठी. बदल्यात बलुतं, सणाची भाकरी आणि हाडकी हाडोळ्याची म्हणजे या वतनाची जमीन, ती पण सगळ्या भाऊबंदांत वाटत वाटत प्रत्येकाच्या वाट्याला गुंठे. बेदरच्या बादशहाने बावन्न हक्कांची सनद दिली होती अशी आख्यायिका आमच्यात सांगतात, आजी ती फार अभिमानाने सांगायची, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसायची.

म्हणून मला कुणी विचारलं की पिढ्यान्‌पिढ्या सत्ता राखून असणाऱ्या घरांना मराठीत काय म्हणतात, तर मी आधी विचारीन की बोलणारा कुठे उभा आहे. वाड्याच्या आतला माणूस म्हणतो घराणं, परंपरा, वारसा, खानदान. बखर लिहिणारा म्हणतो सरदार, सरंजामदार, मातब्बर मंडळी. पेपरवाला म्हणतो घराणेशाही. आणि जो वेशीत उभा आहे तो कुटुंबाचं नावच घेत नाही, तो इमारतीचं नाव घेतो. वाडा. गढी. माडी. कोकणात सारा वसूल करणाऱ्या खोताचं घर, गोव्यात भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं घर. आजीसारखी माणसं सत्तेला माणसाच्या नावाने हाक मारत नव्हती कारण समोरचा माणूस बदलला तरी भिंत तीच असायची.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल बिल मांडलं, १८७४ चा जो वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता त्याच्यात बदल करायला. त्यांचं म्हणणं असं की या वतनापायी माणूस चोवीस तास सरकारचाही बांधील आणि गावाचाही, मोबदला म्हणावा तर नावाला, आणि एकट्याला नाही तर सगळ्या घराला जुंपलेलं. आपल्यातल्याच काही लोकांना वतन सोडायचं नव्हतं, जमीन जाईल ही भीती होती, ती भीती खोटी नव्हती. बाबासाहेब त्याच्याशीही झगडले. १९३७ ला त्यांनी खोती मोडायचं बिल मांडलं, त्याच्या आधीच चरीच्या शेतकऱ्यांचा संप सुरू झालेला होता अलिबागकडे, १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या होत्या लोकांनी, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून. हे आपल्याकडे नीट शिकवतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

मग स्वातंत्र्यानंतर एकेक कायदा आला. १९५० ला परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, १९५८ ला आमच्यासारख्यांची कनिष्ठ वतनं, १९६२ ला मुलकी पाटीलकी. कागदावर सगळे सारखे झाले.

कागदावर म्हणजे कुठल्या कागदावर ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचा सातबारा ऑनलाइन काढला, वडिलांना काहीतरी कर्जासाठी लागत होता. मोबाईलवर पीडीएफ उघडली. वर गावाचं नाव, गट नंबर, मग भोगवटादार वर्ग २. खाली इतर अधिकारात बारीक अक्षरात महार वतनाची नोंद. परवानगीशिवाय विकता येत नाही, तारण ठेवायचं तरी दहा प्रश्न. ज्यांची मोठी वतनं होती त्यांच्या नातवंडांनी जमिनी विकून पुण्यात फ्लॅट घेऊन झाले, आणि आमच्या गुंठ्यांवर अजून तो शब्द बसलाय. ती अट जमीन कुणी लुबाडू नये म्हणून आहे हे मला माहितीये आणि ती काढा असं मी म्हणत नाही. पण वडिलांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि म्हणाले, "अजून लिहितेत व्हय," तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही.

आता आजचं. वतन गेलं पण त्याची भाषा गेली नाही, निवडणुकीच्या बातम्या ऐका. गड राखला, बालेकिल्ला ढासळला, वारसदार कोण, गादीवर कोण, अमक्याचं संस्थान खालसा. तालुक्याला फ्लेक्स लागतात त्यावर साहेब, त्यांच्या शेजारी दादा, खाली ताई, कोपऱ्यात बाळराजे, सगळी घरातली नाती, आणि आपणही सहज म्हणतो की दादा आले होते लग्नाला. आपल्या स्वतःच्या दादाला आपण दादा म्हणतो तो मायेने, आणि हे दुसऱ्याच्या घरातलं नातं आख्ख्या तालुक्याने तोंडात घ्यायचं. माझ्या आजीच्या पिढीला सरकार नि मालक म्हणावं लागायचं, आता दादा म्हणतो, एवढा बदल झाला, आणि तो चांगलाच आहे, पण पुरेसा नाही.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे दोन शब्द एकदम वापरात आले, सहकारमहर्षी आणि साखरसम्राट. कधी कधी एकाच घराला दोन्ही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा करून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, सोबत धनंजयराव गाडगीळ, १९५० चा काळ, त्याआधी आपल्याकडे साखर कारखाना म्हणजे खाजगी मालकाचा. केवढं धाडसाचं काम होतं ते, शेअर गोळा करायला माणूस गावोगाव फिरला, आणि ऊसवाला शेतकरी मालक झाला. पुढे बाळासाहेब खासदार नि केंद्रात मंत्री, मग राधाकृष्ण मंत्री, मग २०१९ ला सुजय खासदार. चार पिढ्या. पहिल्या पिढीला महर्षी म्हणताना मला काही अडचण वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की कारखाना सभासदांचा, मतं सभासदांची, आणि तरी आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरं अशी का आहेत जिथे पुढचा कोण हे मतदानाच्या आधीच ठरलेलं असतं. हे एका घराचं किंवा एका पक्षाचं नाही. नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री आणि त्यांचे चिरंजीव अशोकरावही मुख्यमंत्री. गोव्यात भाऊसाहेब बांदोडकर १९७३ ला गेले आणि मुख्यमंत्री त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर झाल्या. यातल्या कित्येकांनी मनापासून काम केलं, निवडूनही आले, लोकांनीच दिलं मत. मग लोक का देतात? माझ्या वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, अरे दवाखान्यात बेड पाहिजे, पोराला ॲडमिशन पाहिजे, डीपी जळली, तर फोन कुणाला करू? ज्या घरचा फोन चालतो त्या घराला मत. हे ऐकल्यावर मला लोकांवर राग काढणाऱ्या लेखांचा कंटाळा येतो. सांगावा आता आपणच पाठवतो, वाड्यावर.

एक गोष्ट मात्र मला मराठीची फार आवडते. आपलं भांडण ऐका. रांगेत कुणी घुसला, रस्ता अडवला, सार्वजनिक नळावर कुणी हंडे मांडून बसलं की साधी बाई पण कमरेवर हात ठेवून काय म्हणते? "तुझ्या बापाची जहागीर आहे का?" "तुला काय मक्ता दिलाय?" "इथं काय मोगलाई लागून गेलीय?" सगळ्या रागाच्या मुळाशी हेच, की जे सगळ्यांचं आहे ते तुझ्या बापाचं नाही. शेकडो वर्षं वतनं नि जहागिऱ्या बघितलेल्या लोकांनी ती भाषा अशी उलटवून ठेवलीय. आणि म्हणी पण. बडे घर पोकळ वासा. गाव करी ते राव न करी. या म्हणी वाड्याच्या आत तयार झालेल्या असणं शक्यच नाही.

लेकीला मी यातलं थोडं थोडं सांगतोय, एकदम सगळं नाही. येसकरपाळीचं अजून नाही सांगितलं, म्हणजे सांगायचंय, पण शब्द जुळवतोय. तिने मात्र वहीत घराणं या शब्दाखाली बाईंचं नाव लिहिलं, मग बाईंच्या गुरूंचं, त्यांच्या गुरूंचं, आणि सर्वात खाली स्वतःचं. आडनावं प्रत्येकाची वेगळी.

मे महिन्यात गावी गेलो होतो. आमची गढी म्हणजे, आमची नाही, वाड्यावरच्यांची गढी, ती माणसं शहरात गेल्याला तीसएक वर्षं झाली. दरवाजाचं लाकूड कधीच गेलं, बुरुजाची एक बाजू पावसात बसलीय आणि आतली पांढरी माती उघडी पडलीय. धाब्याच्या घराला ही पांढरी लागते, पावसाळ्याआधी वरून थर दिला की गळत नाही. पणजोबांच्या वेळी ती माती उचलायची तर वाड्यावर विचारायला लागायचं. आता गावात धाब्याची घरं चारदोनच उरलीत, त्यातलं एक आजीचं, आजी गेली तरी वडिलांनी पाडलं नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत वडील आणि मी घमेलं नि फावडं घेऊन गेलो. वडिलांनी आत पाऊल टाकायच्या आधी सवयीने चप्पल काढली. मग थोडं थांबले, परत घातली, आणि फावडं मारलं. अकरा घमेली आणली आम्ही, दुपारपर्यंत वर पसरून पाणी मारून चोपून काढली. जूनचे दोन मोठे पाऊस झाले, काल फोन केला तेव्हा म्हणाले कुठंच गळलं नाही.